नवीन प्रोजेक्टवर आलात? कॉमेंट्स आणि डॉक्युमेंटेशनला हात कुठून घालायचा ते पायरी पायरीने

नवीन प्रोजेक्टवर आलं की पहिला आठवडा साधारण ठरलेला असतो, रेपोचा (म्हणजे कोड जिथे ठेवलाय त्या जागेचा) ॲक्सेस मिळतो (तोही दोनदा मागून), कोणीतरी "रीडमी वाच, त्यात सगळं आहे" म्हणून मीटिंगला निघून जातं (रीडमी म्हणजे प्रोजेक्टची ओळख आणि सेटअप सांगणारी फाइल), आणि त्यात सगळं नाहीये हे अर्ध्या तासात कळतं. मग आपण गुपचूप एकेक अडथळा पार करत बसतो, कारण विचारलं तर आपण ढ वाटू.

माझं म्हणणं असं की डॉक्युमेंटेशनमध्ये कुठे काय गायब आहे ते फक्त नवीन माणसालाच दिसतं. जुन्यांना दिसत नाही, कारण गायब असलेली माहिती त्यांच्या डोक्यात आधीच बसलेली आहे, वाचताना ती आपोआप भरली जाते. आणि तुमची ही नजरसुद्धा फार टिकत नाही, महिना-दोन महिने गेले की तुम्हीही जुने. म्हणून हे दिवस नुसते "समजून घेण्यात" घालवू नका, समजून घेता घेता लिहून ठेवा. क्रम मात्र पाळा: आधी वाचायचं, मग जे आहे ते दुरुस्त करायचं, आणि स्वतःच्या कॉमेंट्स लिहायला सगळ्यात शेवटी घ्यायच्या. बरेच जण उलटीकडून सुरू करतात आणि पहिल्याच पुल रिक्वेस्टवर, म्हणजे आपले बदल मुख्य कोडमध्ये घ्या या विनंतीवर, चाळीस शेरे खातात.

१. रीडमी उघडा आणि बिनडोकपणे तसंच्या तसं करा

बिनडोकपणे हा शब्द मुद्दाम वापरलाय. अनुभव असलेला माणूस रीडमी वाचताना मध्येच स्वतःची अक्कल चालवतो, "अच्छा, इथे पॅकेज मॅनेजरची नवीन व्हर्जन लागेल" म्हणून टाकून मोकळा होतो, आणि रीडमीतली चूक तशीच राहते. तुम्ही तसं करू नका. जी कमांड लिहिलीय तीच चालवा, ज्या क्रमाने लिहिलीय त्याच क्रमाने. शक्य असेल तर रिकाम्या कंटेनरमध्ये किंवा नव्या मशीनवर चालवा, कारण आपल्या लॅपटॉपवर आधीपासून पडलेल्या पन्नास गोष्टी चुका झाकतात.

बाजूला एक साधी टेक्स्ट फाइल उघडी ठेवा आणि अडखळलात की तिथल्या तिथे नोंद करा. नोंद अशी असावी:

> पायरी ४: "मायग्रेशन चालवा" असं लिहिलंय. चालवलं. एरर आली, डेटाबेस सापडला नाही. रीडमीत डेटाबेस तयार करायची पायरीच नाही. हाताने तयार केला, मग मायग्रेशन चाललं. पण पायरी ६ ला टेस्ट्स फेल, कारण त्यांना टेस्टसाठीचा वेगळा डेटाबेस लागतो, त्याचं नाव फक्त सीआयच्या फाइलमध्ये सापडलं.

काय लिहिलं होतं, तुम्ही काय केलंत, काय झालं, कशाने सुटलं. एवढ्या चार गोष्टी पुरतात. (मायग्रेशन म्हणजे डेटाबेसची रचना तयार करणारी किंवा बदलणारी स्क्रिप्ट, आणि सीआय म्हणजे प्रत्येक बदलावर टेस्ट्स आपोआप चालवणारी यंत्रणा.) "सेटअप नीट चालत नाही" असली नोंद कोणाच्याच कामाची नाही, तुमच्याही नाही, कारण दोन दिवसांनी नक्की काय चालत नव्हतं ते तुम्हालाच आठवत नाही.

हमखास गायब असणाऱ्या गोष्टी सांगून ठेवतो म्हणजे शोधत बसायला नको: भाषेची नक्की व्हर्जन कुठली, कुठले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागतात आणि त्यांची नमुना फाइल कुठे आहे, कुठले ॲक्सेस मागावे लागतात आणि कोणाकडे, आणि सगळं नीट झालं की स्क्रीनवर काय दिसायला हवं. हे शेवटचं तर जवळजवळ कोणीच लिहीत नाही. कमांड चालली, पन्नास ओळी सरसर वर गेल्या, त्यातल्या तीन पिवळ्या होत्या, आता हे बरोबर झालं का चुकलं? नवीन माणसाला कसं कळणार?

सेटअप संपला की त्या नोंदींमधून रीडमीची दुरुस्ती करा आणि त्याच दिवशी पुल रिक्वेस्ट टाका. छोटीशीच असू दे. पहिलं काम म्हणून यापेक्षा चांगलं काही नाही, कारण कोडला हात न लावता ब्रँच कशी काढायची, रिव्ह्यू कोण करतं, सीआय किती वेळ घेते, मर्ज कोण करतं ही सगळी प्रोसेस एकदा हाताखालून जाते. आणि काही तुटायची भीतीही नाही.

२. माहिती कुठे कुठे पडलीय ते शोधा

रीडमी हा फक्त दरवाजा. बाकीची माहिती दहा ठिकाणी विखुरलेली असते: कॉन्ट्रिब्युटिंगची फाइल, डॉक्स फोल्डर, चेंजलॉग, विकी, जुने इश्यू, पुल रिक्वेस्टखालच्या चर्चा, कमिट मेसेज (म्हणजे प्रत्येक बदल नोंदवताना लिहिलेली टीप). यातल्या दोन जागा लोक विसरतात.

पहिली म्हणजे सीआयची कॉन्फिग फाइल. रीडमी वर्षभर चुकीचा राहू शकतो, कोणाचं काही अडत नाही, पण सीआयची फाइल रोज कोऱ्या मशीनवर चालते, ती चुकली तर सगळ्या टीमचं काम थांबतं, म्हणून ती नेहमी ताजी. कुठली व्हर्जन, कुठले पॅकेज, कुठल्या क्रमाने, टेस्ट कुठल्या कमांडने, सगळं त्यात असतं. रीडमी आणि सीआय यांच्यात भांडण लागलं तर मी डोळे झाकून सीआयच्या बाजूने.

दुसरी जागा म्हणजे टेस्ट्स. एखादं फंक्शन रिकामी लिस्ट दिली की काय करतं हे डॉक्समध्ये शोधण्यापेक्षा त्याची टेस्ट उघडा, आणि टेस्टची नावं नीट दिलेली असतील तर नुसती नावं वाचूनही अर्धं काम होतं.

काही प्रोजेक्टमध्ये एडीआर नावाच्या छोट्या फाइल्सचं फोल्डर सापडेल. म्हणजे आर्किटेक्चरबद्दलचे निर्णय नोंदवून ठेवायची पद्धत, मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये तिच्यावर लिहिलं आणि मग ती बरीच पसरली. एका फाइलमध्ये एकच निर्णय, तेव्हा परिस्थिती काय होती, काय ठरलं, आणि त्याचे परिणाम काय. हे फोल्डर असेल तर चहा घेऊन बसा आणि पहिल्या नंबरपासून वाचा. "हा क्यू इथे का वापरलाय, साधा डेटाबेस टेबल चालला असता की" या जातीचे तुमचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतील, आणि जुनी फाइल "हा निर्णय आता बदललाय, अमुक नंबर बघा" असं सांगत असेल तर तो इतिहासही कळेल.

३. कॉमेंट वाचा, पण तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका

कंपायलर कॉमेंटकडे ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे ती चुकली तरी काहीही फेल होत नाही. कोड बदलतो, वरची कॉमेंट तशीच राहते. पायथॉनच्या स्टाइल गाइडमध्ये, म्हणजे पेप ८ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की कोडशी न जुळणारी कॉमेंट ही कॉमेंट नसण्यापेक्षा वाईट. नवीन माणसाला तर हे जास्तच बाधतं, कारण कोड अजून नीट वाचता येत नसतो म्हणून तो कॉमेंटवर विसंबतो.

मग करायचं काय? गिट ब्लेम (गिट म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल). नाव जरा भांडकुदळ आहे पण काम सरळ आहे, प्रत्येक ओळ शेवटची कोणी, कधी आणि कुठल्या कमिटमध्ये बदलली ते दाखवतं. कॉमेंटची ओळ २०१९ ची आणि तिच्याखालच्या कोडच्या ओळी २०२३ च्या असतील तर सावध व्हा, कोड बदलणाऱ्याने कॉमेंट वाचलीच नसण्याची शक्यता भरपूर. तारखा सारख्या असतील तर थोडा जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

ब्लेममध्ये एक अडचण नेहमी येते. कोणीतरी एकदा संपूर्ण रेपोवर फॉर्मॅटर चालवलेला असतो आणि मग प्रत्येक ओळीसमोर त्याच बिचाऱ्याचं नाव. यासाठी ब्लेमला डब्ल्यूचा पर्याय (-w) द्या, म्हणजे नुसत्या स्पेसचे बदल ते सोडून देतं. आणि अशी कमिट्स कायमची वगळायची असतील तर त्यांची यादी एका फाइलमध्ये ठेवता येते, ही सोय गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ती फाइल नसेल तर ती बनवून द्या, जुने लोकही थँक्यू म्हणतील.

त्याहून भारी म्हणजे गिट लॉगला कॅपिटल एसचा पर्याय (-S). एखादा विचित्र आकडा किंवा नाव दिसलं, समजा कुठेतरी ४७ लिहिलंय आणि का ते कोणाला माहीत नाही, तर तो मजकूर ज्या ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला ती सगळी कमिट्स गिट काढून देतं (अर्थात नुसतं ४७ शोधलंत तर ढीग पडेल, आकड्याबरोबर व्हेरिएबलचं नावही द्या). त्यातल्या सगळ्यात जुन्या कमिटचा मेसेज वाचा, तिथून इश्यूचा नंबर मिळतो, इश्यूमध्ये चर्चा मिळते, आणि चर्चेत कारण मिळतं. हे दहा मिनिटांचं काम केल्यावर मगच कोणाला तरी विचारायला जा.

बाकी वाचताना भेटणारी मंडळी: कॉमेंट करून ठेवलेला जुना कोड, आणि टूडू, म्हणजे "हे नंतर करायचंय" अशी कॉमेंट. जुना कोड बघून हात शिवशिवतात, पण लगेच काढू नका, एकदा विचारा "हा कशासाठी ठेवलाय?" बहुतेक वेळा उत्तर "माहीत नाही, उडव" असंच येतं, कारण गिटमध्ये सगळं जपलेलं असतंच. टूडूचं मात्र वेगळं, त्यातले काही खरोखर महत्त्वाचे असतात. इश्यू नंबर नसलेला आणि तीन वर्षं जुना टूडू म्हणजे कोणीतरी सोडलेला सुस्कारा समजा, त्यावर वेळ घालवू नका.

आणि एखादी कॉमेंट अजिबात कळली नाही तर स्वतःला कमी लेखू नका. १९७५ च्या सहाव्या एडिशनच्या युनिक्समध्ये प्रोसेस बदलण्याच्या कोडवर एक प्रसिद्ध कॉमेंट आहे, अर्थ असा की तुम्हाला हे समजणं अपेक्षित नाही. लोकांना ती उद्धट वाटायची. डेनिस रिची यांनी नंतर सांगितलं की "हे परीक्षेला येणार नाही" अशा सुरात ती लिहिली होती, आणि खरी गोम अशी की आत नेमकं काय चाललंय ते तेव्हा त्यांनाही पुरतं कळलेलं नव्हतं, ती यंत्रणा मुळातच सदोष होती. तेव्हा न कळणारी कॉमेंट दिसली की "इथे काहीतरी गडबड असू शकते" हाही एक अर्थ काढून ठेवा.

४. विचारा, आणि उत्तर चॅटमध्ये मरू देऊ नका

विचारताना "हे कसं चालतं?" एवढंच टाकलंत तर समोरच्याला कुठून सुरू करायचं तेच कळत नाही आणि उत्तर येतच नाही. त्यापेक्षा असं:

> "ताई, ऑर्डर रद्द करायचा कोड वाचतोय. रिफंड आधी होतो आणि स्टॉक नंतर परत वाढतो एवढं कळलं. पण मध्ये स्टेटस दोनदा सेव्ह होतंय, ते मुद्दाम आहे का चुकून? ब्लेममध्ये एकच कमिट आहे, मेसेज नुसता 'फिक्स' आहे. घाई नाही, दुपारी सांगितलंत तरी चालेल."

काय वाचलं, काय कळलं, कुठे अडलं, काय शोधून झालं. असा मेसेज आला की सिनियर माणूसही मनापासून उत्तर देतो, कारण तुम्ही त्याचा वेळ वाचवलाय हे त्याला दिसतं.

आता महत्त्वाचं. उत्तर आलं, तुम्हाला कळलं, तुम्ही अंगठा दाखवलात, आणि चार महिन्यांनी तोच प्रश्न दुसरं कोणीतरी विचारणार. चॅटमध्ये दिलेलं उत्तर म्हणजे गेलं. म्हणून एक सौदा करून टाका: सांगायचं काम त्यांचं, लिहायचं तुमचं, तपासायचं परत त्यांचं. त्या सेव्हच्या दोन ओळींवर कॉमेंट टाका किंवा डॉक्समध्ये परिच्छेद जोडा, आणि रिव्ह्यूअर म्हणून त्याच ताईंचं नाव द्या. लिहायला कंटाळणारी माणसं तपासून द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत. शिवाय तुम्ही चुकीचं समजला असाल तर तेही तिथेच उघडं पडतं, प्रॉडक्शनवर नाही.

५. आता स्वतःच्या कॉमेंट्स

लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या कागदात सांगितलंय की कोड कसा चालतो ते कॉमेंटमध्ये समजावायच्या भानगडीत पडूच नका, कोडच असा लिहा की तो वाचून कळेल. मला हे पटतं, पण नवीन लोक याचा अर्थ "कॉमेंट लिहायच्याच नाहीत" असा काढतात, ते चूक. कोड काय करतो हे कोड सांगतो. तो असा का आहे हे कोडला सांगताच येत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. नेटवर्कवरून काहीतरी मागवणारं फंक्शन आहे आणि ते तीनदा प्रयत्न करतं. नवशिक्याची कॉमेंट:

> // तीन वेळा प्रयत्न करतो

लूपमध्ये तीन दिसतंच आहे, ही ओळ वाचून मला काय मिळालं? उद्या कोणी तीनचे पाच केले की कॉमेंट खोटी ठरणार, एवढंच. आता हीच जागा:

> // समोरची सर्व्हिस डिप्लॉय होत असताना काही सेकंद ५०३ देते, म्हणून पुन्हा प्रयत्न.
> // तीनच्या वर नेऊ नका, ४२९ यायला लागतात आणि मग आपली सगळीच रिक्वेस्ट अडते.
> // चर्चा इश्यू ४१२ मध्ये. त्यांच्याकडचं डिप्लॉय सुधारलं की हे काढून टाका.

(५०३ म्हणजे सर्व्हिस सध्या उपलब्ध नाही, ४२९ म्हणजे तुम्ही फार रिक्वेस्ट पाठवताय.) या तीन ओळींमधलं काहीही कोड वाचून कळलं नसतं. प्रयत्न का, आकडा तीनच का, बदलला तर काय बिघडेल, जास्त माहिती कुठे, आणि हे कधी काढायचं. शेवटचा मुद्दा तर मी प्रत्येक जुगाडावर लिहायला लावतो, कारण तात्पुरता जुगाड काढायची अट लिहिली नाही की तो कायमचा होतो.

कॉमेंट लिहायच्या आधी एकदा विचारा, नाव बदलून काम होईल का? "डी" नावाच्या व्हेरिएबलवर "शेवटच्या लॉगिनपासूनचे दिवस" अशी कॉमेंट लिहिण्यापेक्षा व्हेरिएबललाच तसं नाव द्या. मोठ्या ब्लॉकवर "इथे पत्ता तपासतो" लिहावंसं वाटलं की त्या ब्लॉकचं फंक्शन करा. नाव बदलूनही जे सांगायचं उरतं ते कॉमेंटमध्ये: ठरलेला क्रम (आधी हे, मगच ते, नाहीतर लॉक अडकेल), करून बघितलेला आणि सोडून दिलेला पर्याय, बाहेरच्या स्पेसिफिकेशनमधला नेमका भाग, दुसऱ्याच्या लायब्ररीतला बग.

सोडून दिलेल्या पर्यायाबद्दल जरा जास्त बोलतो कारण हे फार कमी लोक लिहितात. तुम्ही सोपा मार्ग करून बघता, तो चालत नाही, म्हणून वाकडा मार्ग घेता. सहा महिन्यांनी एखादा हुशार माणूस येतो, वाकडा मार्ग बघून हसतो आणि "साफसफाई" म्हणून सोपा मार्ग परत आणतो. बग परत. "साधं सॉर्टिंग इथे चालत नाही, कारण दोन रेकॉर्डची वेळ सारखी असली की क्रम बदलत राहतो आणि पुढच्या पानावर तेच रेकॉर्ड पुन्हा दिसतं" एवढी ओळ असती तर तो थांबला असता.

हल्ली एक नवीनच प्रकार वाढलाय, कोड लिहून देणाऱ्या एआय टूलने प्रत्येक ओळीवर कॉमेंट टाकलेली असते, "काउंटर एकने वाढवतो", "रिझल्ट परत देतो". रिव्ह्यूला पाठवायच्या आधी त्या झाडून काढा. टूलला तुमच्या टीममध्ये काय घडलं ते माहीत नसतं, त्यामुळे "का" ते लिहूच शकत नाही, आणि कधी कधी ठोकून देतं तेव्हा तर जास्तच धोका. मनाने रचलेलं कारण असलेली कॉमेंट पुढच्याला खरी वाटते.

६. फंक्शनवरच्या डॉकस्ट्रिंगमध्ये काय असावं

डॉकस्ट्रिंग म्हणजे फंक्शनबरोबरच लिहिलेलं त्याचं वर्णन, ही वेगळी जात. आतली कॉमेंट कोड बदलणाऱ्यासाठी असते, डॉकस्ट्रिंग ही फंक्शन वापरणाऱ्यासाठी, आणि वापरणारा आतला कोड उघडून बघणारच नाही असं धरून चाला. प्रत्येक भाषेची आपली पद्धत आहे, जावामध्ये जावाडॉक, पायथॉनमध्ये पेप २५७ सांगतो की पहिल्या ओळीत एका वाक्यात सारांश, गो मध्ये ज्याचं वर्णन करायचं त्याच्या नावानेच वाक्य सुरू करायचं. ती पद्धत पाळा, स्वतःची काढू नका, कारण एडिटर आणि डॉक्स बनवणारी टूल्स त्यावरच चालतात.

आत काय लिहायचं याचं उत्तर वापरणाऱ्याचे घोळ कुठे होतात त्यावरून काढा. एककं हा पहिला घोळ. पायथॉनमध्ये स्लीपला आकडा सेकंदांत द्यायचा असतो, जावास्क्रिप्टच्या सेटटाइमआउटला मिलिसेकंदांत, मग तुमच्या फंक्शनमधला "टाइमआउट" कशात? लिहा. शक्य असेल तर व्हेरिएबलच्या नावातच घाला. दुसरा घोळ टोकांचा: पायथॉनच्या रेंजमध्ये शेवटचा आकडा येत नाही, एसक्यूएलच्या बिटवीनमध्ये दोन्ही टोकं येतात, मग "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" म्हणजे शेवटची तारीख धरून की सोडून? तिसरा, सापडलं नाही तर काय? पायथॉनच्या स्ट्रिंगवर फाइंड वापरलं तर उणे एक मिळतं आणि इंडेक्स वापरलं तर एक्सेप्शन येतं, एकाच भाषेत दोन तऱ्हा. आणि महिने शून्यापासून की एकपासून हे जावास्क्रिप्ट वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नकोच.

एककांचा घोळ कुठवर जाऊ शकतो तर १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचून नष्ट झालं, कारण जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि पुढच्याने ते न्यूटन-सेकंद म्हणून घेतले. गंमत (म्हणजे गंमत कसली) अशी की इंटरफेसच्या कागदपत्रात मेट्रिक एककंच मागितलेली होती. लिहिलेलं होतं, पण पाळलं गेलंय का हे कोणी वेळेवर पकडलं नाही. म्हणून नुसतं लिहून थांबू नका, जे तपासता येईल ते मशीनला तपासायला लावा. पायथॉनमध्ये डॉकटेस्ट आहे, डॉकस्ट्रिंगमधलं उदाहरण चालवून बघतं. रस्टमध्ये तर डॉक कॉमेंटमधली उदाहरणं नेहमीच्या टेस्टबरोबरच कंपाइल होऊन चालतात, उदाहरण शिळं झालं की टेस्ट फेल.

७. कोडबरोबरच डॉक्स, त्याच पुल रिक्वेस्टमध्ये

"डॉक्स नंतर वेगळी टाकतो" म्हणणारे सगळे सज्जन असतात पण ती नंतरची पुल रिक्वेस्ट सहसा येत नाही. वागणं बदललं की त्याच पुल रिक्वेस्टमध्ये डॉकस्ट्रिंग, रीडमी, चेंजलॉग जे लागू असेल ते बदला. पाठवायच्या आधी जुन्या फंक्शनचं नाव किंवा जुना पर्याय संपूर्ण रेपोत गिट ग्रेपने शोधा, डॉक्स फोल्डरमध्ये आणि कॉमेंट्समध्ये तो कुठे कुठे उरलाय ते लगेच दिसेल.

कमिट मेसेजही यातच आला. पहिली ओळ साधारण पन्नास अक्षरांत, मग एक रिकामी ओळ, मग कारण. वर त्या ताईंना विचारावं लागलं ते केवळ मेसेज "फिक्स" होता म्हणून.

उलट बाजूने, दुसऱ्याचा कोड रिव्ह्यू करताना नवीन असल्याचा फायदा घ्या. "ही अट कशासाठी आहे ते मला कळलं नाही" हा पूर्णपणे वैध शेरा आहे. समोरच्याने शेऱ्याखाली तीन परिच्छेद समजावून सांगितलं तर नम्रपणे म्हणा, "हे कोडमध्येच टाकू या ना." कोणीतरी "आमचा कोड सेल्फ डॉक्युमेंटिंग आहे" म्हणेल, त्यांच्याशी वाद घालू नका, एका ठरावीक ओळीवर बोट ठेवून ती का आहे तेवढंच विचारा.

८. काय करू नका

उत्साहाच्या भरात पन्नास फाइल्समध्ये कॉमेंट्स टाकणारी एकच पुल रिक्वेस्ट करू नका. बाकीच्यांच्या ब्रँचशी कॉन्फ्लिक्ट होतात, ब्लेम गढूळ होतं, आणि एवढं वाचायला कोणाला वेळ नसतो. ज्या फाइलला कामासाठी हात लावाल तिथलंच सुधारा.

"मी सगळं नव्याने नीट लिहितो" म्हणून वेगळी विकी सुरू करू नका. दोन जागा झाल्या की दोन्ही शिळ्या होतात. आहे त्याच जागी भर घाला.

कॉमेंटमध्ये कोणाची खिल्ली उडवू नका, ती गिटच्या इतिहासात कायमची राहते आणि एक दिवस त्याच माणसाला दिसते. भाषा टीमची जी असेल तीच ठेवा, अर्ध्या कॉमेंट्स एका भाषेत आणि अर्ध्या दुसऱ्या भाषेत असल्या की शोधताना सगळ्यांचीच पंचाईत.

पासवर्ड, टोकन, खऱ्या ग्राहकाचा डेटा उदाहरण म्हणून डॉक्समध्ये चिकटवू नका. चुकून गेलंच तर पुढच्या कमिटमध्ये ओळ काढून काही होत नाही, जुन्या कमिटमध्ये ती असतेच. ती की ताबडतोब रद्द करून नवीन घ्यायची आणि टीमला लगेच सांगायचं, लपवायचं नाही.

आणि शिळी पानं दिसली की त्यांचं काय करायचं हा प्रश्न येईलच. खात्री असेल आणि विचारून झालं असेल तर सरळ काढून टाका, गिटमध्ये असलं तर परत मिळेल. खात्री नसेल तर पानाच्या अगदी वर एक ओळ टाका, "हे जुनं आहे, अमुक तारखेला तपासलं तेव्हा पायरी ३ च्या पुढे चालत नव्हतं, नवीन माहिती अमुक ठिकाणी". तारीख नक्की घाला, नाहीतर "हे जुनं आहे" ही ओळच कधीची आहे ते शोधायला पुढच्याला परत ब्लेम लावावं लागेल.